गाळलेले पद आणि न सांगितलेला नियम : रेषीय संख्याक्रमावरील प्रश्नांची चिकित्सा

बीजशब्द : अंकगणिती श्रेढी, रेषीय क्रम, गाळलेले पद, श्रेढीव्यवहार, शिष्यवृत्ती परीक्षा, अंतर्वेशन, जनगणना

प्रस्तावना

'३, ७, ११, ?, १९' अशी मांडणी समोर आली की प्राथमिक शाळेतील विद्यार्थीही क्षणात '१५' हे उत्तर लिहितो. प्रत्येक पायरीला ४ मिळवत जायचे, एवढेच त्याला दिसते आणि ते पुरेसे असते. गाळलेले पद शोधण्याचा हा प्रश्न मराठी विद्यार्थ्याच्या आयुष्यात फार लवकर येतो आणि फार उशिरापर्यंत राहतो. प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत तो असतो, दहावीच्या गणितात अंकगणिती श्रेढीच्या रूपाने तो भेटतो, पुढे स्पर्धा परीक्षांत येतो आणि महाविद्यालयीन अध्यापकपदाची पात्रता ठरविणाऱ्या नेट परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमातही 'संख्यामालिका' हा घटक आहेच. मराठीचा, इतिहासाचा वा वाणिज्य शाखेचा अध्यापक असो, हा प्रश्न सोडविल्याशिवाय तो वर्गापर्यंत सहसा पोहोचत नाही.

इतक्या परिचित प्रश्नाची चिकित्सा मात्र क्वचितच होते. उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहिले जाते. ते उत्तर कशाच्या आधारावर बरोबर ठरते, हे विचारले जात नाही. वरील उदाहरणात १५ हे उत्तर चार संख्यांमधून आपोआप निघत नाही. 'हा क्रम समान फरकाने वाढतो' हे विधान त्या संख्यांना जोडल्यावरच ते निघते. हे विधान प्रश्नकर्त्याने केलेले नसते. विद्यार्थ्याने ते मनातल्या मनात केलेले असते. प्रस्तुत लेखात या न सांगितलेल्या नियमाचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) रेषीय क्रमातील गाळलेले पद काढण्याच्या रीतीचा तार्किक आधार स्पष्ट करणे.
२) भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील श्रेढीविषयक उदाहरणे आणि आजच्या परीक्षांतील प्रश्न यांची तुलना करणे.
३) कोल्हापूर जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या आकडेवारीवर रेषीय रीतीची मर्यादा पडताळून पाहणे.
४) अध्यापन, प्रश्ननिर्मिती व संशोधन यांसाठी काही सूचना करणे.

१. रीत आणि तिचा आधार

ज्या क्रमात लगतच्या दोन पदांतील फरक कायम राहतो त्यास अंकगणिती श्रेढी म्हणतात. पदाचे स्थान आडव्या अक्षावर आणि पदाची किंमत उभ्या अक्षावर मांडली तर सर्व बिंदू एका सरळ रेषेवर येतात. म्हणून या क्रमास रेषीय म्हणावयाचे. दोन भिन्न बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. त्यामुळे क्रम रेषीय असल्याचे माहीत असेल तर कोणत्याही दोन स्थानांवरील पदे सर्व गाळलेली पदे ठरविण्यास पुरेशी असतात.

'७, ?, ?, १९' हे उदाहरण घेऊ. ७ पासून १९ पर्यंत एकूण वाढ १२ आहे. गाळलेली पदे दोन असली तरी पायऱ्या तीन आहेत. म्हणून १२ ला ३ ने भागावयाचे. फरक ४ येतो आणि पदे ११ व १५ मिळतात. अनेक विद्यार्थी येथे १२ ला २ ने भागतात, कारण त्यांना रिकाम्या जागा दोन दिसतात. कुंपणाचे खांब आणि खांबांमधली अंतरे यांत होणारा हा गोंधळ आहे. एकच पद गाळलेले असेल तर ते दोन्ही बाजूंच्या पदांची सरासरी असते. ७ आणि १९ यांच्यामध्ये एकच पद असेल तर ते १३. तीन पदे गाळलेली असतील तर फरक ३ आणि पदे १०, १३, १६. त्याच दोन संख्यांमध्ये रिकाम्या जागा किती आहेत यावर उत्तरे बदलतात, परंतु प्रत्येक वेळी उत्तर एकमेव असते. हे एकमेवपण रेषीयतेच्या गृहीतकाने दिलेले आहे.

गृहीतक काढून घेतले तर काय होते? 'लेखारंभी दिलेल्या क्रमाचे 'न' वे पद ४न − १ आहे' असे आपण मानतो. आता त्यात (न − १)(न − २)(न − ३)(न − ५) हा गुणाकार मिळविला तर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व पाचव्या स्थानी हा गुणाकार शून्य होतो. म्हणजे ३, ७, ११ व १९ ही पदे जशीच्या तशी राहतात. चौथ्या स्थानी मात्र गुणाकाराची किंमत −६ येते आणि पद १५ ऐवजी ९ होते. हाच गुणाकार मिळविण्याऐवजी वजा केला तर पद २१ येते. या गुणाकारास योग्य त्या संख्येने गुणून रिकाम्या जागी हवी ती संख्या बसविता येते. '३, ७, ११, ९, १९' हा क्रमही नियमबद्धच आहे. त्याचा नियम फक्त अधिक गुंतागुंतीचा आहे.

ही युक्ती कृत्रिम वाटेल, आणि तशी ती आहे. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही. दिलेली पदे कितीही असली तरी ती नियमाला पुष्टी देतात, नियम सिद्ध करीत नाहीत. '१५' हे उत्तर चूक नाही. ते सर्वांत साध्या नियमानुसार मिळणारे उत्तर आहे. साधेपणाची ही अट प्रश्नात लिहिलेली नसते, एवढाच येथे मुद्दा आहे.

२. 'लीलावती'तील श्रेढीव्यवहार

गाळलेली राशी शोधण्याची मराठी प्रदेशाला परिचित असलेली जुनी परंपरा म्हणून 'लीलावती'कडे पाहावे लागते. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ मधला आणि 'लीलावती' इ.स. ११५० च्या सुमाराची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला, याची साक्ष चाळीसगावजवळील पाटण येथील इ.स. १२०७ चा शिलालेख देतो. मराठी वाचकासाठी ना. ह. फडके यांनी 'लीलावती पुनर्दर्शन' या ग्रंथातून हे गणित आधुनिक परिभाषेत मांडले आहे.

'लीलावती'त श्रेढीव्यवहार हे स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या पदास 'आदि' किंवा 'मुख', समान वाढीस 'चय' किंवा 'उत्तर', पदांच्या संख्येस 'गच्छ', शेवटच्या पदास 'अन्त्यधन', मधल्यास 'मध्यधन' आणि बेरजेस 'सर्वधन' अशी नावे आहेत. ही परिभाषा ध्यानात घेण्यासारखी आहे. क्रमातील प्रत्येक राशीला नाव दिल्यामुळे कोणती राशी दिलेली आहे आणि कोणती काढावयाची आहे, हे नेमके सांगता येते.

या प्रकरणातील उदाहरणांची रचना पाहावी. एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो व दररोज ५ द्रम्म वाढवीत जातो. एका पक्षात, म्हणजे १५ दिवसांत, त्याने किती दिले? येथे मुख ४, चय ५ आणि गच्छ १५ आहे. अन्त्यधन ७४, मध्यधन ३९ आणि सर्वधन ५८५ येते. दुसऱ्या उदाहरणात सर्वधन १०५, गच्छ ७ आणि चय ३ दिला आहे आणि मुख विचारले आहे. १०५ ला ७ ने भागून मध्यधन १५ मिळते. मध्यापासून आरंभापर्यंत तीन पायऱ्या मागे गेले की मुख ६ येते. आणखी एका उदाहरणात मुख ३, चय २ आणि सर्वधन ३६० देऊन दिवसांची संख्या विचारली आहे, उत्तर १८.

सर्वांत बोलके उदाहरण चयाचे आहे. शत्रूचे हत्ती हस्तगत करण्यासाठी निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजने चालतो आणि दररोज समान वाढ करीत ७ दिवसांत ८० योजने अंतर काटतो. तर रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजने. म्हणजे दुसऱ्या दिवशीची चाल ३६/७, तिसऱ्या दिवशीची ५८/७ आणि मधल्या, चौथ्या दिवशीची ८०/७ योजने. एकही मधले पद पूर्णांक नाही. भास्कराचार्यांना याची अडचण वाटलेली दिसत नाही, कारण उत्तर सुबक आहे की नाही यावर ते बरोबर ठरत नाही. दिलेल्या अटी पाळल्या गेल्या की नाही यावर ठरते.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. मुख, चय, गच्छ आणि सर्वधन यांपैकी जी राशी हरवली असेल ती शोधावयाची, परंतु वाढ समान आहे हे प्रत्येक वेळी उघडपणे सांगितलेले किंवा प्रकरणाच्या शीर्षकातूनच निश्चित झालेले असते. विद्यार्थ्याने नियम ओळखावयाचा नसून नियमाचा उपयोग करावयाचा असतो. शिवाय दान, प्रवास यांसारख्या प्रसंगांमुळे ही समान वाढ कोणी आणि कशासाठी केली, हेही कळते.

महाराष्ट्राच्या इयत्ता दहावीच्या २०१८ साली आलेल्या गणित भाग १ या पाठ्यपुस्तकातील 'अंकगणिती श्रेढी' हे प्रकरण या बाबतीत 'लीलावती'च्या जवळचे आहे. श्रेढी अंकगणिती आहे असे सांगून पहिले पद, सामान्य फरक किंवा पदांची बेरीज विचारली की उत्तराबाबत वाद उरत नाही. प्रश्न उपस्थित होतो तो या प्रकरणाच्या बाहेर, बुद्धिमत्ता चाचणीच्या पानावर.

३. प्रश्नपत्रिकेतील प्रश्नचिन्ह

'३, ५, ७, ?' हा प्रश्न घेऊ. क्रमाने येणाऱ्या विषम संख्या मानल्यास उत्तर ९ आहे. विषम मूळ संख्या मानल्यास ९ गळून पडते आणि उत्तर ११ येते. दोन्ही नियम शालेय पाठ्यपुस्तकातलेच आहेत. यात कोणतीही कृत्रिम युक्ती नाही. पर्यायांत ९ आणि ११ हे दोन्ही असतील तर मूळ संख्या नुकत्याच शिकलेल्या विद्यार्थ्याने ११ निवडणे हे अज्ञान नव्हे. उत्तरसूचीत मात्र एकच पर्याय बरोबर असतो.

दुसरे उदाहरण सनांचे. '१८८८, १८९२, १८९६, ?' येथे फरक ४ आहे, म्हणून उत्तर १९००. परंतु ही लीप वर्षे आहेत असे ज्याच्या ध्यानात आले तो १९०४ लिहील, कारण शतकवर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर ते लीप वर्ष नसते आणि १९०० हे तसे वर्ष आहे. अधिक माहिती असणारा विद्यार्थी येथे 'चुकतो' आणि कमी माहिती असणारा गुण मिळवितो.

तिसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. भारतात १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली. मुख १८८१, चय १० आणि गच्छ १४ घेतल्यास अन्त्यपद २०११ येते. एकशे तीस वर्षे अखंड चाललेल्या या श्रेढीचे पंधरावे पद कोणीही २०२१ असेच सांगितले असते. प्रत्यक्षात २०२१ साली जनगणना झाली नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक अधिसूचित झाला. चौदा पदांनी दिलेली ग्वाही पंधराव्या पदाला बांधून ठेवू शकली नाही.

या टीकेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. बुद्धिमत्ता चाचणी ही गणिताची परीक्षा नव्हे. तिचा हेतू आकृतिबंध ओळखण्याची क्षमता तपासणे हा आहे, आणि साधा नियम निवडणे हेही बुद्धीचेच लक्षण आहे. शास्त्रज्ञही अनेक शक्य नियमांतून साधा नियम निवडतो. हा आक्षेप बराचसा मान्य करावा लागेल. परंतु शास्त्रज्ञाला आपला नियम नव्या निरीक्षणावर तपासता येतो, चुकला तर बदलता येतो आणि आपली कारणे मांडता येतात. बहुपर्यायी प्रश्नात वर्तुळ काळे करणाऱ्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याचे अनुमान आणि त्यामागील कारण यांतले अनुमानच तेवढे मोजले जाते. शिवाय 'साधा' कशाला म्हणावयाचे याचा निकष जर प्रश्नकर्त्याच्या मनात असेल, तर विद्यार्थ्याची परीक्षा संख्यांच्या आकलनाची न राहता प्रश्नकर्त्याच्या सवयींच्या आकलनाची होते.

४. कोल्हापूरच्या शैक्षणिक परंपरेचा संदर्भ

प्रश्नकर्त्याच्या सवयी कोणाला माहीत असतात, हा प्रश्न सामाजिक आहे. ज्याच्याकडे मार्गदर्शक पुस्तके आहेत, ज्याच्या शाळेत सकाळ-संध्याकाळ जादा तास होतात, ज्याने मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडविल्या आहेत, त्याला त्या माहीत असतात. त्यात गैर काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांनी शिष्यवृत्ती परीक्षेसाठी घेतलेले कष्ट आदरास पात्र आहेत. ही परीक्षा अनेक वर्षे चौथी व सातवीच्या वर्गांसाठी होती आणि २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली. इयत्ता बदलल्या तरी तिचा मूळ हेतू एकच आहे : गुणवान, विशेषतः साधनांची वाण असलेल्या विद्यार्थ्याला आर्थिक आधार मिळावा. ज्या प्रश्नाचे उत्तर सरावातून मिळते पण सांगितलेल्या माहितीतून मिळत नाही, तो प्रश्न याच विद्यार्थ्याच्या विरोधात जातो.

या संदर्भात कोल्हापूरशी निगडित दोन नावे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शालेय शिक्षण कागल व कोल्हापूर येथे झाले आणि त्यांनी काही काळ राजाराम महाविद्यालयातही अध्ययन केले. पुढे पुण्यात अध्यापन करताना त्यांनी ना. ज. बापट यांच्यासह अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले व ते दूरवर वापरले गेले. याच गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अंकगणित हे सर्वांसाठी आहे आणि शाळा ही सर्वांसाठी आहे, हे दोन विचार या भूमीत एकमेकांच्या हातात हात घालून आले. गणिताच्या पानावर लिहिलेल्या अटी सर्वांना सारख्या दिसतात, आणि गणिताची समता येथेच असते. अट लपविली की ती समता कमी होते.

५. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या : एक पडताळा

आतापर्यंतचे विवेचन प्रश्नपत्रिकेपुरते होते. गाळलेले पद भरण्याची खरी गरज मात्र प्रत्यक्ष आकडेवारीत पडते. दोन नोंदींच्या दरम्यानची किंमत काढण्यास अंतर्वेशन आणि नोंदींच्या पलीकडची किंमत काढण्यास बहिर्वेशन म्हणतात. दोन्ही ठिकाणी सर्वांत सोपी रीत रेषीय, म्हणजे वरील श्रेढीचीच आहे.

जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ साली २९,८९,५०७, २००१ साली ३५,२३,१६२ आणि २०११ साली ३८,७६,००१ होती. या तीन खऱ्या पदांवर रेषीय रीत तपासता येते.

प्रथम मधले पद झाकून ठेवू. १९९१ आणि २०११ यांची सरासरी ३४,३२,७५४ येते. प्रत्यक्ष आकडा ३५,२३,१६२ आहे. म्हणजे रेषीय उत्तर ९०,४०८ ने कमी पडते. आता शेवटचे पद झाकू. १९९१ ते २००१ या दशकातील वाढ ५,३३,६५५ होती. तीच वाढ पुढील दशकात धरली तर २०११ ची लोकसंख्या ४०,५६,८१७ यावयास हवी होती. प्रत्यक्षात ती १,८०,८१६ ने कमी भरली. पहिल्या दशकातील वाढ सुमारे १७.८५ टक्के होती, दुसऱ्यात ती सुमारे १० टक्क्यांवर आली.

या दोन चुकांमधील संबंध लक्षणीय आहे : १,८०,८१६ ही संख्या ९०,४०८ च्या बरोबर दुप्पट आहे. हा योगायोग नाही. समान अंतरावरील कोणत्याही तीन पदांबाबत, मधले पद सरासरीने काढताना होणारी चूक ही तिसरे पद पहिल्या दोहोंवरून काढताना होणाऱ्या चुकीच्या निम्मी असते. दोन्हींच्या मुळाशी दोन लगतच्या वाढींमधला फरकच असतो. क्रम खरोखर रेषीय असेल तर हा फरक शून्य आणि दोन्ही चुका शून्य. नसेल तर आत भरलेले पद बाहेर ढकललेल्या पदापेक्षा अधिक विश्वसनीय, हे येथे स्थानिक आकड्यांतच दिसते.

याच आकड्यांवरून २००६ सालची लोकसंख्या काढली तर २००१ व २०११ यांची सरासरी ३६,९९,५८१.५ येते. अर्धा माणूस नसतो. 'लीलावती'तील राजाची २२/७ योजनांची चाल अर्थपूर्ण होती, कारण अंतराचे भाग पडतात. येथील अर्धा मात्र आठवण करून देतो की ही संख्या मोजलेली नाही, काढलेली आहे. दोन्ही ठिकाणी अपूर्णांकच आहे. त्याचा अर्थ प्रसंग ठरवितो.

२०२१ चे पद गाळले गेल्यामुळे हा विषय आज केवळ वर्गातला राहिलेला नाही. रेषीय रीतीने २०२१ साठी ४२,२८,८४० हा आकडा मिळतो. परंतु हेच गणित २००१ नंतर केले असता ते १,८०,८१६ ने फसले असते, हे पाहिल्यावर त्या आकड्याकडे सावधपणे पाहावे लागते. शाळांच्या जागा, धान्याचा वाटा, पाणीयोजना यांची गणिते लोकसंख्येवर अवलंबून असतात. म्हणून भरलेले पद मोजलेल्या पदासारखे वापरले जाऊ लागले तर त्याची किंमत लोकांना मोजावी लागते.

६. पंचगंगेची पातळी

कोल्हापूरकरांना परिचित असे आणखी एक उदाहरण पंचगंगेचे आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील महापुरांनंतर हे दोन आकडे घरोघरी पाठ झाले आहेत. समजा, रात्री दहा वाजता पातळी ३८ फूट होती, सकाळी सहा वाजता ४० फूट झाली आणि मधली नोंद मिळाली नाही. रेषीय रीतीने रात्री दोनची पातळी ३९ फूट येते, म्हणजे इशारा पातळी नेमकी दोन वाजता गाठली गेली असा निष्कर्ष निघतो.

नदी मात्र समान चयाने वाढत नाही. पाणलोट क्षेत्रातील पाऊस थांबून-थांबून पडतो; राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीतून येणारा विसर्ग एकदम वाढतो. बाराच्या आतच पातळी ३९ च्या वर गेली असणे किंवा ती पहाटेपर्यंत त्याखाली असणे, दोन्ही शक्य आहे. नंतर तक्ता पूर्ण करण्यासाठी ३९ लिहिणे चालेल. नदीकाठच्या घराला केव्हा हलवायला हवे होते, हे त्या आकड्यावरून ठरविणे चालणार नाही.

७. काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

१) संख्याक्रमाच्या प्रश्नात नियमाचा प्रकार सांगावा. 'प्रत्येक पद आधीच्या पदापेक्षा समान संख्येने मोठे आहे. गाळलेले पद काढा' एवढ्या वाक्याने प्रश्न निःसंदिग्ध होतो आणि सोपाही होत नाही, कारण पायऱ्या मोजण्याचे काम विद्यार्थ्यालाच करावे लागते.

२) नियम ओळखणे हाच हेतू असेल तर उत्तराबरोबर नियमही लिहावयास सांगावा आणि सुसंगत नियमास गुण द्यावेत. वर्गातील चाचण्यांत हे सहज शक्य आहे. बहुपर्यायी परीक्षेत निदान दुसऱ्या परिचित नियमाने मिळणारे उत्तर पर्यायांत ठेवू नये.

३) '३, ५, ७' सारख्या क्रमासाठी दोन भिन्न नियम शोधा, असा प्रश्न वर्गात विचारावा. त्यातून गृहीतक म्हणजे काय हे विद्यार्थ्याला व्याख्येशिवाय समजते.

४) उत्तर अपूर्णांकात येईल अशी उदाहरणे जाणीवपूर्वक द्यावीत. उत्तर पूर्णांकच असले पाहिजे ही समजूत केवळ सोयीस्कर प्रश्नांतून निर्माण झाली आहे.

५) महाविद्यालयीन प्रकल्प, लघुप्रबंध व शोधनिबंध यांतील तक्त्यांत मधल्या वर्षांचे आकडे सरासरीने भरलेले असतील तर ते वेगळ्या खुणेने दाखवावेत आणि कोणती रीत वापरली ते तक्त्याखाली नमूद करावे. ही अपेक्षा विज्ञान शाखेपुरती नाही. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र आणि वाणिज्य या विषयांतील मार्गदर्शकांनी तिचा आग्रह धरणे अधिक गरजेचे आहे, कारण कालक्रमाची आकडेवारी याच विषयांत अधिक वापरली जाते.

समारोप

रेषीय क्रमातील गाळलेले पद काढण्याची रीत जुनी, सोपी आणि उपयुक्त आहे. तिच्यात दोष नाही. दोष आहे तो रीत लागू होण्याची अट न सांगता रीत वापरण्याच्या सवयीत. भास्कराचार्यांच्या उदाहरणांत चय समान असल्याचे आधी सांगितले जाते आणि मग हरवलेली राशी विचारली जाते. उत्तर २२/७ आले तरी ते निःशंकपणे स्वीकारले जाते. आजच्या प्रश्नचिन्हात नियम लपलेला असतो, आणि पाचवीतल्या विद्यार्थ्याने लावलेली तीच सवय पुढे पदवीधराच्या तक्त्यात, अहवालात आणि नियोजनात शिरते. कोल्हापूर जिल्ह्याची तीन जनगणनांची आकडेवारी ही सवय किती महाग पडू शकते हे आकड्यांत दाखविते. रिकाम्या जागेत संख्या लिहिण्यापूर्वी ती कोणत्या नियमाने लिहीत आहोत हे लिहून ठेवण्याची शिस्त प्राथमिक वर्गापासून लावता येण्याजोगी आहे. तिच्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. प्रश्नाच्या आरंभी एक वाक्य वाढवावे लागते.